‘सा रे ग म’ची वाटचाल : परीक्षकाच्या आसनावर कोण?

गळा चांगला असलेल्या मुलाचे कौतुक आपल्या घरांत नवे नाही. मिस्साच्या वेळी गायनवृंदात उभी राहणारी, नाताळात घरोघर गाणी म्हणत फिरणारी, लग्नघरच्या मांडवात आग्रह होताच लाजत लाजत सूर लावणारी मुले प्रत्येक धर्मग्रामात असतात. मात्र अलीकडे अशा मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘याला टीव्हीवरच्या स्पर्धेत का पाठवत नाही?’ हा प्रश्न १९९० साली कोणी विचारला नसता, कारण आज आपण जिला ओळखतो तशी स्पर्धाच तेव्हा नव्हती. आज तो इतक्या सहजपणे विचारला जातो, की त्यामागे काही इतिहास आहे हेही आपल्या ध्यानी येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या घरी द्यायचे आहे. परंतु ते देण्यापूर्वी हा इतिहास जाणून घेणे हिताचे ठरेल. ‘सा रे ग म’ या कार्यक्रमाने आपल्या देशात दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेची परंपरा रुजवली. १९९५ पासूनची तिची वाटचाल पाहू लागलो, की एक गोष्ट जाणवते. गाणारा कोण आहे, यापेक्षा त्याचे गाणे कोण जोखतो, हा प्रश्न या इतिहासात अधिक महत्त्वाचा ठरला आहे. परीक्षकाचे आसन कायम राहिले, पण त्यावर बसणारा बदलत गेला. आणि तो बदलला तशी स्पर्धाही बदलली.

दूरचित्रवाणीपूर्वीच्या स्पर्धा

गायकांची पारख चाचणीतून किंवा स्पर्धेतून करण्याची रीत दूरचित्रवाणीने आणलेली नाही. बी. व्ही. केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने गायक-वादकांसाठी श्रवणचाचणीची कडक पद्धत लागू केली. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान त्या कामी नेमले गेले. मैफली गाजवलेल्या कलाकारांनी पुन्हा परीक्षेला बसावे, याचा अनेकांना राग आला आणि त्यावरून बराच वादही झाला. तरीही त्या पद्धतीमागचे तत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे. गायकाची ओळखपाळख, त्याचे रूप आणि त्याचा बोलबाला बाजूला ठेवून केवळ आवाज ऐकावा, हे ते तत्त्व होय.

चित्रपटसंगीताच्या क्षेत्रातही स्पर्धा होत असत. त्यांतील सर्वांत गाजलेली म्हणजे १९५७ ची मेट्रो-मर्फी स्पर्धा. रेडिओ संच बनवणाऱ्या मर्फी कंपनीचे नाव तिच्याशी जोडलेले होते, आणि परीक्षकांत नौशाद व सी. रामचंद्र यांच्यासारखे त्या काळचे आघाडीचे संगीतकार होते. महेंद्र कपूर हा तरुण तेथे पहिला आला. पुढे नौशाद यांनी त्याला ‘सोहनी महिवाल’ (१९५८) या चित्रपटासाठी गाण्याची संधी दिली आणि सी. रामचंद्र यांनी ‘नवरंग’साठी (१९५९). याच महेंद्र कपूर यांचा आवाज पुढे दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला, हे मराठी रसिकांना वेगळे सांगायला नको.

सत्तरीच्या दशकात मुंबईच्या सूरसिंगार स्पर्धेने हेच कार्य केले. सुरेश वाडकर १९७६ साली आणि हरिहरन १९७७ साली या स्पर्धेतून पुढे आले. संगीतकार जयदेव यांनी त्या दोघांनाही ‘गमन’ (१९७८) या चित्रपटात गायला लावले. या जुन्या स्पर्धांची घडण साधी होती. परीक्षक स्वतः संगीत रचणारे होते. निकाल लावताना श्रोत्यांचा कौल घेतला जात नसे. जिंकणाऱ्याला जे खरे बक्षीस मिळे ते म्हणजे काम. आणि ते काम देणारी व्यक्ती बहुधा परीक्षकच असे. त्यामुळे चुकीचा निवाडा केल्यास त्याची झळ परीक्षकालाही लागण्याचा संभव होता. ज्याला निवडले त्याच्याकडून उद्या आपलेच गाणे गाऊन घ्यायचे आहे, ही जाणीव माणसाला सावध ठेवते.

घरोघर आलेला पडदा

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढची जवळजवळ वीस वर्षे दूरदर्शन हीच एक खिडकी होती. एका घरात संच आणि भोवती सारी आळी, असे ‘छायागीत’चे गुरुवार आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतील. १९९१ पासून उपग्रहावरून परदेशी वाहिन्या दिसू लागल्या, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही ही हिंदी वाहिनी आली.

नव्या वाहिनीला रोज काहीतरी नवे दाखवायचे होते आणि तेही बेताच्या खर्चात. १९९३ साली तिने ‘अंताक्षरी’ सुरू केली. ज्या गाण्याच्या भेंड्या आपण सहलीच्या बसमध्ये आणि दिवे गेलेल्या रात्री ओसरीवर खेळत आलो, त्याच आता अन्नू कपूर यांच्या सूत्रसंचालनाखाली पडद्यावर रंगू लागल्या. गजेंद्र सिंग हे या कार्यक्रमाचे दिग्दर्शक. सामान्य माणसाचे गाणे सामान्य माणसाला पाहावेसे वाटते, हे या कार्यक्रमाने सिद्ध केले. त्याच अनुभवातून गजेंद्र सिंग यांनी १९९५ साली ‘सा रे ग म’ उभा केला.

कार्यक्रमाचे नाव अर्थपूर्ण होते. आपल्याकडे गाणे शिकण्याचा आरंभ ज्या स्वरांनी होतो, तेच त्याला दिले होते. पाश्चात्त्य संगीतात आपल्या सरगमसारखी जी स्वरनामे आहेत, त्यांचा उगम अकराव्या शतकातील ग्विदो या बेनेडिक्टाइन संन्याशाकडे जातो. मठातील मुलांना स्तोत्रे लवकर यावीत म्हणून त्याने संत योहान बाप्तिस्ता यांच्या स्तोत्रातील ओळींच्या आद्याक्षरांवरून स्वरांना नावे दिली. पूर्वेकडे काय आणि पश्चिमेकडे काय, ही स्वरनामे शिकण्याशिकवण्यासाठी जन्मली. आरंभीच्या ‘सा रे ग म’मध्ये शिक्षणाचा तो गंध होता.

गुरुजनांची मैफल

सूत्रसंचालक म्हणून एकवीस वर्षांचा सोनू निगम आला. फरीदाबादचा हा मुलगा लहानपणापासून वडिलांबरोबर रंगमंचावर महंमद रफींची गाणी गात असे, आणि पार्श्वगायनात जम बसवण्यासाठी मुंबईत धडपडत होता. म्हणजे जो स्पर्धकांची ओळख करून देत होता, तो स्वतःही एक प्रकारे उमेदवारच होता. स्पर्धकाला धीर देण्याची, विनयाने बोलण्याची आणि मोठ्यांपुढे वाकण्याची त्याची पद्धत प्रेक्षकांना भावली. ‘बॉर्डर’ आणि ‘परदेस’ या १९९७ च्या चित्रपटांनी त्याला गायक म्हणून नाव मिळवून दिले. १९९९ पर्यंत त्याने हा कार्यक्रम सांभाळला.

परीक्षकांच्या आसनांवर नौशाद, खय्याम, कल्याणजी, ओ. पी. नय्यर अशी मंडळी येत. ज्यांच्या चाली गुणगुणत स्पर्धक लहानाचे मोठे झाले, तेच संगीतकार समोर बसलेले असत. गाणे संपले की ते बेताचे बोलत. कधी श्वास कोठे तुटला ते दाखवत, कधी एखाद्या शब्दाचा उच्चार सुधारत. घरी बसलेल्या प्रेक्षकाचेही त्यातून शिक्षण होत असे. गाणे आवडले एवढेच म्हणणारा प्रेक्षक हळूहळू ते का आवडले, हे सांगू लागला. या पहिल्या पर्वाची सर्वांत मोठी देणगी मला हीच वाटते.

तेथून पुढे आलेल्या गायकांची नावे सर्वपरिचित आहेत. १९९५ साली संजीवनी भेलांडे विजयी ठरल्या, आणि ‘करीब’ (१९९८) या चित्रपटाने त्यांचा आवाज घरोघर नेला. पुण्याच्या बेला शेंडे यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी ही स्पर्धा जिंकली. आजी कुसुम शेंडे यांच्यापासून त्यांच्या घरात गाणे होते. ‘नटरंग’मधील त्यांची लावणी गाजली, आणि पुढे ‘तुह्या धर्म कोंचा’ या चित्रपटातील गीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

राजस्थानातील रावतभाटा या अणुवीज वसाहतीत वाढलेली श्रेया घोषाल ही बालिका मुलांसाठीच्या विशेष भागात गायली, तेव्हा कल्याणजी परीक्षक होते. त्यांनी तिच्या आईवडिलांना मुंबईस येण्याविषयी सुचवले आणि स्वतः तिला काही काळ शिकवलेही. पुढे संजय लीला भन्साळी यांच्या आईने तिला याच कार्यक्रमात गाताना पाहून मुलाला बोलावले, आणि त्यातून ‘देवदास’ (२००२) घडला. पहिल्याच चित्रपटासाठी श्रेयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या घटनाक्रमात एक बारकावा आहे. बक्षिसानंतर कल्याणजींची शिकवणी आली, आणि त्या शिकवणीला काही वर्षे लोटल्यावर कीर्ती आली. मधली वर्षे पडद्यावर दिसली नाहीत; पण गायिका घडली ती त्या वर्षांत.

दूरदर्शननेही १९९६ साली ‘मेरी आवाज सुनो’ ही स्पर्धा घेतली. तीत अवघ्या तेरा वर्षांची सुनिधी चौहान विजयी झाली. ‘मस्त’ (१९९९) या चित्रपटाने तिचे नाव झाले.

गाण्यामागचे हात

येथे थोडे थांबून एका विस्मृत ऋणाचा उल्लेख केला पाहिजे. या स्पर्धांत जी गाणी पुनःपुन्हा गायली जातात, ती बहुतांशी १९५० ते १९७५ या काळातील आहेत. त्या गाण्यांतील व्हायोलिनांचे ताफे, ट्रंपेटची तान, कडव्यांमधले संगीत ही सारी रचना ज्यांनी स्वरलिपीत उतरवली, त्यांत गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. पोर्तुगीज काळात गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत असत. चर्चच्या गायनवृंदासाठी दिलेले ते शिक्षण घेऊन ही मुले मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचली.

शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे अँतोनियो झेवियर वाझ आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. शिष्याने गुरूचे ऋण ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मध्ये नायकालाच त्यांचे नाव देणाऱ्या गाण्यातून फेडले. मूळ ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर या वादकांची नावे क्वचितच छापली गेली. कोणत्याही स्पर्धेत त्यांना कोणी गुण दिले नाहीत. तरीही तीस वर्षे ‘सा रे ग म’चा प्रत्येक स्पर्धक त्यांनीच घातलेल्या पायावर उभा राहून गात आला आहे.

कौलाचे राज्य

२००१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये ‘पॉप आयडॉल’ ही स्पर्धा सुरू झाली. सायमन फुलर हे तिचे जनक. पुढच्याच वर्षी तिची अमेरिकन आवृत्ती निघाली. तिच्यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली म्हणजे चाचणीला आलेल्या हजारोंपैकी अत्यंत वाईट गाणाऱ्यांनाही पडद्यावर दाखवायचे, आणि परीक्षकाने त्यांना झोंबेल असे बोलायचे. दुसरी म्हणजे अंतिम निर्णय प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून द्यायचा. या साच्यावर आपल्याकडे सोनी वाहिनीने ऑक्टोबर २००४ मध्ये ‘इंडियन आयडल’ आणले. सोनू निगम, अनू मलिक आणि फराह खान हे परीक्षक होते. ५ मार्च २००५ रोजी मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. एका साध्या मराठी घरातील मुलगा एका रात्रीत देशभर ओळखला जाऊ लागला, याचा आनंद महाराष्ट्राने मनापासून साजरा केला.

‘सा रे ग म’लाही या वाऱ्याबरोबर जावे लागले. आता त्याचे नाव ‘सा रे ग म प’ झाले होते, आणि २००५ चे पर्व ‘चॅलेंज’ म्हणून रंगले. हिमेश रेशमिया, इस्माईल दरबार, आदेश श्रीवास्तव आणि जतिन-ललित हे संगीतकार आता नुसते परीक्षक राहिले नाहीत. प्रत्येकाचा स्वतंत्र गट होता आणि प्रत्येकजण आपल्या गटातील स्पर्धकांची बाजू मांडू लागला. न्यायाधीश आणि वकील एकाच खुर्चीत बसले. परीक्षकांचे रुसवेफुगवे, वादावादी आणि डोळ्यांतले पाणी यांना गाण्याइतकाच वेळ मिळू लागला. निकाल मात्र भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या लघुसंदेशांवर अवलंबून होता. आसामातील सिलचरचा देबोजित साहा २००६ च्या आरंभी विजयी झाला, तेव्हा हा कौल गाण्याला मिळाला की प्रांताला, असा वाद देशभर रंगला.

तो वाद देबोजितवर अन्याय करणारा होता, कारण नियम त्याने केलेले नव्हते. तथापि प्रश्न खोटा नव्हता. एका माणसाला हवे तितके संदेश पाठवता येत आणि प्रत्येक संदेशाला पैसे पडत. ज्या मतदानात खिशातील पैशांप्रमाणे मतांची संख्या वाढते, त्याला लोकांचा कौल म्हणता येईल काय? मतपेटीशी त्याचे साम्य वरवरचे होते. आणि जितकी चुरस अधिक तितके संदेश अधिक, हे एकदा उमगल्यावर चुरस वाढवण्याचा मोह वाहिन्यांना न झाला तरच नवल.

या पद्धतीने काय होऊ शकते, हे २००७ च्या ‘इंडियन आयडल’ने दाखवून दिले. अंतिम फेरीत कोलकाता पोलीस दलात नोकरी करणारा दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल हे दोघे होते. शिलाँगमध्ये आदिवासी आणि बिगरआदिवासी समाजांत अनेक वर्षांची तेढ होती. अमितच्या पाठीशी हे दोन्ही समाज एकत्र उभे राहिले, आणि मेघालय सरकारने त्याला शांतता व सलोख्याचा दूत म्हणून गौरवले. तिकडे दार्जिलिंगच्या डोंगरांत प्रशांतसाठी मते गोळा करण्याची मोहीम बिमल गुरुंग यांनी चालवली. प्रशांत सप्टेंबरमध्ये विजयी झाला. त्यानंतर दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने नेपाळी समाजाविषयी हिणकस उद्गार काढले, सिलिगुडीत दंगल उसळली, आणि ऑक्टोबरमध्ये गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष स्थापन करून वेगळ्या गोरखालँडची मागणी नव्याने पेटवली. एकाच स्पर्धेने एका गावात माणसे जोडली आणि दुसरीकडे जुने घाव उघडे केले. दोन्ही ठिकाणी गाणे हे केवळ निमित्त होते.

त्याच वर्षीच्या ‘सा रे ग म प’मध्ये पाकिस्तानचा अमानत अली अंतिम तिघांत पोहोचला आणि भारतीय श्रोत्यांनी त्याच्यावर प्रेम केले, हेही विसरता कामा नये. कौल नेहमीच संकुचित नसतो.

त्या वर्षाची आणखी एक आठवण चटका लावणारी आहे. गजेंद्र सिंग यांनी स्टार प्लस वाहिनीसाठी ‘व्हॉइस ऑफ इंडिया’ ही नवी स्पर्धा घडवली. लुधियानाचा इश्मित सिंग हा सालस मुलगा नोव्हेंबर २००७ मध्ये ती जिंकला. जुलै २००८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मालदीवमधील एका हॉटेलच्या तरणतलावात बुडून त्याचा मृत्यू झाला. तेथे तो कार्यक्रमासाठी गेला होता. विजयानंतरचे त्याचे आयुष्य नऊ महिन्यांचेही ठरले नाही.

मराठी अंगणात

मराठीत ही स्पर्धा २००६ साली झी मराठी वाहिनीवर आली. पल्लवी जोशी यांचे सूत्रसंचालन आणि कमलेश भडकमकर यांच्या मार्गदर्शनाखालचा वादकवृंद यांमुळे तिला घरगुती मैफलीचे रूप आले. परीक्षक आकड्यांऐवजी सप्तकातील स्वरांत गुण देत. नाट्यगीत, भावगीत, अभंग, लावणी, कोळीगीत या सर्वांना तेथे जागा मिळाली. विदर्भातील वैशाली माडे यांनी मराठी पर्व जिंकले आणि २००९ साली हिंदी ‘सा रे ग म प’ही जिंकून दाखवले. पुढे ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) या चित्रपटात श्रेया घोषाल आणि वैशाली माडे यांचे आवाज एकाच गाण्यात ऐकू आले.

परंतु महाराष्ट्राच्या मनात घर केले ते २००८-०९ च्या ‘लिटल चॅम्प्स’ने. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक होते. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि पुण्याची आर्या आंबेकर हे पाचजण अंतिम फेरीत पोहोचले. लोक त्यांना ‘पंचरत्ने’ म्हणू लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली. कार्तिकीने वडील कल्याणजी गायकवाड यांच्याकडे गाणे शिकले होते, आणि वारकरी संप्रदायाचा ठसा तिच्या गळ्यावर होता. ज्या अभंगांना केवळ वृद्धांचे गाणे समजले जाई, ते शाळकरी मुलांच्या ओठी आले. मुंबई-पुण्याबाहेरच्या गावांतही गाणे शिकवणारे आणि शिकणारे आहेत, हे सर्वांना दिसले.

ही पाच मुले पुढे हरवली नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. २०२१ साली ‘लिटल चॅम्प्स’चे नवे पर्व आले, तेव्हा तीच पाचजणे परीक्षकांच्या जागी बसली. प्रथमेश आणि मुग्धा डिसेंबर २०२३ मध्ये विवाहबद्ध झाले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य घरांना आपल्याच घरचे कार्य असल्यासारखे वाटले. त्यांच्यामागे घरचे संस्कार होते, गुरू होते आणि स्पर्धा संपल्यावर पुन्हा शिकायला बसण्याची तयारी होती.

मुलांचे बालपण आणि कायदा

मात्र प्रत्येक मुलाच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत चालते. शाळा बुडते. प्रौढांच्या शृंगारगीतांवर लहान मुले हावभाव करतात आणि मोठी माणसे टाळ्या देतात. बाद झालेल्या मुलाचे रडणे जवळून दाखवले जाते. याविषयी देशभर चर्चा झाली, आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने दूरचित्रवाणीवरील मुलांच्या सहभागासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या.

बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी घालताना मनोरंजनक्षेत्राला अटींसह सूट देण्यात आली. २०१७ च्या नियमांनुसार मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम घेण्यास मनाई आहे. मुलाच्या कमाईतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करता येत नाही. आपल्या मुलाला स्पर्धेला नेणाऱ्या प्रत्येक पालकाने हे नियम वाचून ठेवावेत. ते मागून घेतल्याखेरीज कोणी आपणहून सांगेल, अशी खात्री बाळगू नये.

आणि यातील शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. मुलाची इच्छा कोणती आणि आपली कोणती, हे ओळखण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते आईबापांनाच करावे लागते.

हरलेल्यांचा इतिहास

स्पर्धेचा इतिहास विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. पण हरलेल्यांची नावेही पाहावीत. २००५ साली सोनी वाहिनीवर ‘फेम गुरुकुल’ नावाची स्पर्धा झाली. तीत पश्चिम बंगालमधील जियागंजचा एक लाजरा मुलगा अंतिम फेरीपूर्वीच बाद झाला. त्याचे नाव अरिजीत सिंग. त्याने परत जाऊन ध्वनिमुद्रणगृहांत पडेल ते काम केले, इतर संगीतकारांच्या हाताखाली शिकला, आणि ‘आशिकी २’ (२०१३) नंतर देशातील सर्वाधिक ऐकला जाणारा गायक झाला. ‘इंडियन आयडल’च्या दुसऱ्या पर्वातून लवकर बाहेर पडलेली नेहा कक्कर पुढे त्याच स्पर्धेची परीक्षक झाली. उलट अनेक विजेत्यांची नावे आज आठवूनही आठवत नाहीत. निकाल खोटा होता असे यावरून म्हणता येणार नाही. एका संध्याकाळचा निकाल आणि एका आयुष्याचा निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकेच यातून दिसते.

परीक्षकाच्या आसनाचे काय झाले, तेही सांगायला हवे. २०२१ साली ‘इंडियन आयडल’मध्ये किशोरकुमार यांच्या स्मरणार्थ एक विशेष भाग झाला. त्यांचे पुत्र अमितकुमार पाहुणे म्हणून आले होते. स्पर्धक कसेही गायले तरी त्यांची स्तुती करावी, असे आपल्याला आधी सांगण्यात आले होते, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. यावर उलटसुलट चर्चा झाली. आकाशवाणीच्या श्रवणचाचणीतील कठोरपणा कित्येकांना बोचला होता. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी आपण अशा जागी येऊन पोहोचलो, की जेथे स्तुतीही नेमून दिलेली असू शकते. परखड गुरू कोणाला आवडत नाही. पण जो केवळ कौतुक करतो त्याच्याकडून कोणी काही शिकलेले नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाकडे वळू. मुलाला टीव्हीवरच्या स्पर्धेत पाठवावे काय? इतिहास ‘नको’ असे म्हणत नाही. याच स्पर्धांनी रावतभाट्याच्या आणि आळंदीच्या मुलींना देशापुढे आणले, आणि ज्यांना मुंबईत ओळखणारे कोणी नव्हते त्यांच्यासाठी दार उघडले. पण ज्यांचे भले झाले, त्या प्रत्येकाच्या मागे स्पर्धेपूर्वी एक गुरू होता आणि स्पर्धेनंतरही गुरू होता. स्पर्धा हे दार आहे, घर नव्हे. गाण्याचे घर रोजच्या रियाजावर उभे राहते, आणि तो रियाज पाहायला कोणी येत नाही.

धर्मग्रामातील गायनवृंदात शनिवारी संध्याकाळी सराव होतो. पेटी थोडी जुनी असते, तबलजी उशिरा येतो, एखादा मुलगा दर वेळी त्याच जागी बेसूर होतो आणि शिकवणारी सिस्टर किंवा मास्तर त्याला पुन्हा तीच ओळ म्हणायला लावतात. त्याला तेथून कोणी बाद करत नाही. शेजाऱ्याचा आवाज ऐकत ऐकत तो आपला आवाज त्यात मिळवायला शिकतो. त्यांच्यातलाच एखादा उद्या मोठ्या स्पर्धेत गेला, तर आनंदच आहे. आपण सर्वांनी त्याला मनापासून आशीर्वाद द्यावेत. तो जिंकून आला काय किंवा पहिल्याच फेरीत परतला काय, पुढच्या शनिवारी त्याची जागा तेथे राखून ठेवलेली असावी, एवढी काळजी मात्र आपण घ्यायला हवी.